व्यसनाच्या उपचारासाठी भरती: कुठे, कधी आणि काय विचारून

घरातलं माणूस गर्द, एमडी, झोपेच्या गोळ्या किंवा इंजेक्शनच्या आहारी गेलंय हे कळल्यावर बहुतेक घरं काही महिने समजावण्यात, रागावण्यात आणि शपथा घालण्यात घालवतात. मग एक दिवस आईच्या बांगड्या गहाण पडल्याचं उघड होतं, किंवा पोरगं संडासात बेशुद्ध सापडतं, आणि सगळं घर एकदम उपचारांच्या मागे लागतं. ही घाई समजण्यासारखी आहे, पण सगळ्यांत महाग पडणारा निर्णयही याच घाईत होतो. मोबाईलवर जो पहिला नंबर येईल किंवा विजेच्या खांबावर जी पाटी दिसेल, तिथे फोन लावला जातो. पलीकडचा माणूस पेशंटला न बघताच सांगतो, "घेऊन या, तीन महिने ठेवू, गॅरंटी आमची." पेशंट तपासायच्या आधी मुदत आणि गॅरंटी सांगितली जात असेल, तर ती जागा उपचारांची नाही असं धरून फोन ठेवा.

त्यापेक्षा जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा. पुढे तुम्ही खासगी रुग्णालय निवडा किंवा संस्थेचं व्यसनमुक्ती केंद्र निवडा, पहिली तपासणी इथेच व्हावी असा माझा आग्रह आहे. तिथल्या डॉक्टरला तुमचा मुलगा भरती झाल्याने काही मिळणार नसतं आणि न झाल्याने काही बुडणार नसतं. त्यामुळे भरतीची खरंच गरज आहे का, या प्रश्नाचं सरळ उत्तर तिथे मिळतं. शिवाय मुलगा खासगीत यायला तयार नसतो, पण "नुसतं दाखवून येऊ, झोपेचं औषध घेऊन येऊ" म्हटलं तर ओपीडीपर्यंत येतो, असं पुष्कळदा होतं.

मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जेजे, पुण्यात ससून, नागपूरला मेडिकल, छत्रपती संभाजीनगरला घाटी, कोल्हापूरला सीपीआर. ही सगळी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं वेगळी. व्यसनासोबत भास, संशय, हिंसा असा मोठा मानसिक आजार असेल तेव्हा त्यांचा विचार होतो. गोव्यातल्या लोकांसाठी बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. बेळगाव भागातल्या मराठी कुटुंबांना धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था जवळ पडते. आपल्या जिल्ह्यात नेमकं काय आहे हे माहीत नसेल तर केंद्र सरकारच्या नशामुक्ती हेल्पलाइनचा नंबर १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेलिमानस'चा १४४१६. दोन्हीकडे फोन विनाशुल्क आहे.

भरती कुणाला लागते

प्रत्येक व्यसनी माणसाला भरती करावं लागत नाही. हे ऐकून नातेवाईक नाराज होतात, कारण त्यांना घरातला ताण काही दिवस तरी बाहेर जायला हवा असतो. ती गरज खोटी नाही. पण डॉक्टर भरतीचा विचार करतात तो पदार्थ कोणता, किती आणि तो अचानक बंद झाला तर शरीरात काय होईल यावरून.

झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या हा यातला सगळ्यांत फसवा प्रकार. अल्प्राझोलम, नायट्राझेपाम यांची पाकिटं मेडिकलच्या दुकानातून आलेली असतात, त्यामुळे घरच्यांना गर्दच्या पुडीची वाटते तेवढी भीती त्यांची वाटत नाही. मालेगावात हीच अल्प्राझोलम 'कुत्ता गोली' म्हणून ओळखली जाते. महिनोन् महिने मोठ्या प्रमाणात घेतलेली ही गोळी एका दिवसात बंद केली तर फिट येऊ शकते आणि फिट जिवावर बेतू शकते. दारूचंही असंच आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येण्याचा धोका असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम, थरथर, ताप, भिंतीवर किडे दिसणं सुरू होऊ शकतं. म्हणून अशा माणसाला खोलीत कोंडून "आता बघू कसा पितोस" म्हणणं हा उपचार नाही, तो जीवघेणा प्रयोग आहे. अनेक जण दारू आणि गोळ्या दोन्ही घेतात. तेव्हा धोका आणखी वाढतो.

एका ओपीडीत पाहिलेला प्रसंग इथे सांगतो. आईने पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. घरात गादीखाली, कुलरच्या मागे, बुटात सापडतील तशी ती गोळा करून ठेवत गेली होती. मुलगा म्हणत होता, "दिवसाला दोन घेतो, झोप येत नाही म्हणून." डॉक्टरांनी वाद घातला नाही. पाकिटं एकावर एक लावली, मागची अक्षरं उजेडात धरून गोळीची ताकद वाचली, आईला विचारलं, "मावशी, हे किती दिवसांतलं?" आईने आठवडा सांगितला. मग मुलाकडे वळून हळू आवाजात ते म्हणाले, "दोन नाहीत रे. आणि हे तुझ्यावर चिडायला सांगत नाहीये. तू घरी एकदम बंद केलीस तर तुला फिट येईल, म्हणून विचारतोय." मुलाने खरा आकडा सांगितला तो त्यानंतर. ओपीडीतून औषध देऊन घरी पाठवायचं ठरत आलं होतं, ते बदललं आणि त्याच दुपारी भरती झाली.

म्हणून ओपीडीत जाताना घरात सापडलेलं सगळं सोबत न्या: पाकिटं, बाटल्या, खोकल्याच्या औषधाची झाकणं. गर्द किंवा एमडीची पुडी मात्र घेऊन हिंडू नका. ती जवळ बाळगणं गुन्हा आहे. तिचं वर्णन पुरेसं. शेवटचं सेवन कधी केलं, दिवसातून किती वेळा, सुई वापरतो का, आधी कधी फिट आली होती का, आत्महत्येचं बोलला आहे का, हृदय, यकृत, मधुमेहाचा त्रास आहे का, हे घरूनच एका कागदावर लिहून न्या. डॉक्टरसमोर बसल्यावर आठवत नाही.

गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आणि अफूपासून किंवा अफूसारख्या रसायनांपासून बनलेले इतर पदार्थ बंद केल्यावर जो त्रास होतो त्याला व्यसनी मंडळी टर्की म्हणतात. शेवटच्या सेवनानंतर आठ-बारा तासांत ती सुरू होते: नाक गळणं, जांभया, हाडं फुटल्यासारखं अंग दुखणं, उलट्या, जुलाब, डोळ्याला डोळा न लागणं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत वाईट जातो आणि आठवडाभरात शरीर बऱ्यापैकी सावरतं. धडधाकट माणसाचा जीव सहसा टर्कीने जात नाही, पण ती सहन न होऊन तो पळतो. इथे औषधं अतिशय उपयोगी पडतात. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली सुरू केली तर अनेकांना भरतीशिवायही स्थिर करता येतं. सुईने नशा करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ओएसटी केंद्रं हे औषध मोफत देतात, सहसा रोज तिथे जाऊन घ्यावं लागतं. "एक नशा सोडून दुसरी लावली" असं नातेवाईक यावर म्हणतात. तसं नाही. ठरलेल्या मात्रेतली ही गोळी माणसाला कामावर जाऊ देते, सुई सोडायला लावते आणि अतिसेवनाने मरण्यापासून वाचवते. ती किती दिवस चालवायची हे डॉक्टर आणि पेशंट ठरवतील. शेजाऱ्यांनी ठरवायचं ते नाही.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या पोरांमध्ये फार पसरलं. भारतात त्याचा समावेश अमली पदार्थांच्या कायद्यात २०१५ साली झाला. त्याला पर्याय म्हणून देता येईल अशी कोणतीही गोळी नाही. सेवन चालू असताना रात्रंदिवस जागरण, छातीत धडधड, कुणीतरी पाळतीवर आहे असा पक्का संशय. बंद केल्यावर खोल उदासी. या उदासीत आत्महत्येचा विचार येऊ शकतो, म्हणून एमडीवाल्या मुलाने "मला जगायचंच नाही" असं म्हटलं तर ते नाटक समजू नका आणि भरतीसाठी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. गांजाने बहुतेकांना भरती लागत नाही. भास होत असतील, संशयाने कुणाच्या अंगावर जात असेल तर लागते.

गरोदर बाई गर्द घेत असेल तर तिला एकदम बंद करायला लावणं पोटातल्या बाळाला धोक्याचं असतं. तिला थेट अशा रुग्णालयात न्या जिथे मानसोपचार आणि प्रसूती असे दोन्ही विभाग आहेत.

फिट येऊन गेली, माणूस बरळतोय, बेशुद्ध आहे, श्वास मंद झालाय, तर ओपीडीची वेळ बघत बसू नका. १०८ ला फोन करा आणि कॅज्युअल्टीत न्या. तिथे मेडिसिन विभाग भरती करून घेतो, मानसोपचारवाले वॉर्डात येऊन बघतात. "आमच्याकडे व्यसनाचा बेड नाही" हे उत्तर अशा पेशंटला लागू होत नाही, कारण त्या क्षणी तो व्यसनी म्हणून आलेला नसतो. तो फिट आलेला किंवा श्वास अडलेला पेशंट असतो, आणि हे कॅज्युअल्टीत स्पष्ट शब्दांत सांगा.

बेड नसेल तर

नसतोच बऱ्याचदा. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस माणसांमागे एकालाच कधी ना कधी भरती होऊन उपचार मिळाले होते, असं त्यात आढळलं. बाकी एकोणीस जण कुठे होते याचं उत्तर आपल्याला गल्लीत, पुलाखाली आणि तुरुंगात दिसतं. मला हा आकडा वाचून राग येतो. पण दारात उभ्या राहिलेल्या आईला रागाचा उपयोग नाही, तिला दुसरा रस्ता लागतो.

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांचं टेबल शोधा. बेड कधी रिकामा होईल, प्रतीक्षा यादीत नाव घालता येतं का, औषधांसाठी मदत मिळेल का, कोणत्या संस्थेचं केंद्र सरकारी अनुदानावर चालतं, ही सगळी माहिती त्यांच्याकडे असते आणि डॉक्टरांना ती सांगायला वेळ नसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा पेशंट बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. बेड मिळेपर्यंत ओपीडीतली औषधं थांबवायची नाहीत.

संस्थांच्या केंद्रांची गोष्ट वेगळी. पुण्याचं मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालं. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते उभं केलं आणि पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठी आर्थिक मदत दिली. शहरात गर्दचा सुळसुळाट झाला होता तो हा काळ. स्त्रियांसाठी त्यांचा 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईत फादर जो परेरा यांनी वांद्र्यात १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी इतर पुनर्वसन केंद्रंही जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. अशा केंद्रांचं बळ समूहात आहे: एकत्र राहणं, दिनक्रम, शेअरिंग, समुपदेशन, आधी त्याच वाटेने गेलेली आणि आता सावरलेली माणसं. प्रत्येक केंद्रात अतिदक्षता विभाग नसतो. म्हणून ज्याला फिटचा, हृदयाचा किंवा यकृताचा धोका आहे त्याने पहिला आठवडा-पंधरवडा रुग्णालयात काढावा आणि मग केंद्रात जावं. अनेक चांगली केंद्रं स्वतःच हे सुचवतात.

रुग्णालय आणि केंद्र यांतला हा फरक लक्षात ठेवला तर अर्ध्याहून अधिक गोंधळ मिटतो. रुग्णालयातली भरती साधारण दोन-तीन आठवड्यांची असते. ती शरीराला नशेशिवाय उभं करण्यासाठी असते आणि सोबतच्या मानसिक आजाराचा शोध घेण्यासाठी. मनाला लागलेली सवय तेवढ्यात सुटत नाही. तशी कुणी अपेक्षाही ठेवू नये.

खासगी जागा बघताना

पैसे भरायच्या आधी स्वतः जाऊन या. फोनवर ठरवू नका. घरातल्या दोघांनी जा, त्यातला एक जण कमी भावुक असावा.

आत गेल्यावर पहिला प्रश्न मानसोपचारतज्ज्ञाचा. त्यांचं नाव काय, ते आठवड्यातून किती वेळा येतात, आत्ता भेटता येईल का? बोर्डावर नाव असतं आणि डॉक्टर महिन्यातून एकदा सही करायला येतात, अशा जागा आहेत. दुसरा प्रश्न रात्रीचा: रात्री दोन वाजता याला फिट आली तर इथे कोण असतं? उत्तरात नर्स किंवा डॉक्टर आले पाहिजेत, "आमची मुलं असतात" हे चालणार नाही. जुने पेशंट नव्यांवर देखरेख ठेवतात, तेच इंजेक्शन देतात, तेच मारतात, अशा जागांच्या कथा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. औषधांची नोंदवही दाखवायला सांगा. कुठल्या रुग्णालयाशी संधान आहे ते विचारा. रक्त-लघवीच्या तपासण्या कधी होतात, सुईवाल्यांची एचआयव्ही आणि कावीळ बी-सी ची चाचणी होते का हेही विचारा. हिपॅटायटिस सी आज गोळ्यांनी बरा होतो आणि राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं मोफत मिळतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

स्वयंपाकघर बघा. संडास बघा. पेशंट जिथे झोपतात ती खोली बघू देत नसतील तर परत फिरा.

मग कायद्याची बाजू. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे, त्यामुळे अशा पेशंटना भरती करून उपचार देणाऱ्या जागेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असायला हवं. नसेल तर मागा. हाच कायदा सांगतो की पेशंटला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येत नाही, त्याचं डोकं सक्तीने भादरता येत नाही, मोबदला न देता त्याच्याकडून सक्तीने काम करून घेता येत नाही. त्याला भेटायला येणाऱ्यांना भेटायचा, फोनवर बोलायचा हक्क आहे. वॉर्डाचे काही वाजवी नियम असतात, पहिले काही दिवस भेटी कमी ठेवतात, ते समजून घ्या. पण "तीन महिने तोंड दाखवणार नाही" अशी अट घालणारी जागा काहीतरी लपवते आहे. तक्रार करायची तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येतं.

रात्री गाडी पाठवून चार माणसांनी उचलून नेणारी 'पिकअप' सेवा घेऊ नका. घरच्यांना ती सोपी वाटते, कारण समजावण्याचा शीण वाचतो. पण ज्याला बापानेच झोपेतून उचलून दिलं, तो मुलगा उपचार करणाऱ्या कुणावर विश्वास ठेवेल? आणि कायद्याने ही भरती अशी होतही नाही. सज्ञान माणूस स्वतः तयार असेल तर तो स्वतःच्या सहीने भरती होतो आणि स्वतः सुटका मागू शकतो. डॉक्टर त्याला फक्त चोवीस तास तपासणीसाठी थांबवू शकतात. तो स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतोय, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नाही, आणि तरी नकार देतोय, तेव्हा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे सहसा घरचाच माणूस, अर्ज करू शकतो. मानसोपचारतज्ज्ञासह दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासून तसं मत दिलं तर ही भरती तीस दिवसांपर्यंत होते, आणि तिची माहिती मंडळाला द्यावी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलाची सोय मोठ्या माणसांपासून वेगळी असावी लागते आणि त्याच्यासोबत घरचं कुणीतरी पूर्ण काळ राहावं लागतं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या केंद्रात एकटं ठेवून घेणारी जागा नियम मोडते आहे.

पेशंटला न सांगता जेवणात मिसळायच्या पावडरी आणि थेंब मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यांत दारूशी रिअॅक्शन होणारं औषध असू शकतं. त्याला ठाऊक नसताना तो प्यायला तर जीव जाऊ शकतो.

पैशांचं सगळं लेखी घ्या. रोजचा बेड, डॉक्टरांच्या भेटी, औषधं, तपासण्या यांत काय धरलंय आणि काय वेगळं पडेल, मधेच सोडलं तर किती परत मिळेल, हे कागदावर हवं. सहा महिन्यांचे पैसे एकरकमी भरू नका. विम्याच्या भरवशावर राहू नका, हेही आधीच सांगतो. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं २०१७ चा कायदा म्हणतो, पण विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळणुकींच्या यादीत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनावरचा उपचार आहे, आणि बहुतेक पॉलिसींमध्ये ती वगळणूक छापलेली असते. मला हे अन्यायाचं वाटतं. तरी भरतीच्या दिवशी कंपनीशी भांडत बसण्यापेक्षा पॉलिसीची वगळणुकीची पानं आधी वाचलेली बरी. नैराश्य, स्किझोफ्रेनियासारखा वेगळा आजार निदानात असेल तर दावा कसा करायचा हे रुग्णालयाच्या विमा विभागाला विचारा.

पोलिसांची भीती घेऊन अनेक घरं महिनोन् महिने गप्प बसतात. उपचारांसाठी आलेल्या पेशंटची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. आणि ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा गुन्हा आधीच दाखल आहे, त्याच्यासाठीही अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात, कलम ६४ अ मध्ये, वाट आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. असं प्रकरण असेल तर भरतीच्या आधी वकिलाला भेटा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

भरतीच्या दिवशी आणि नंतर

सरकारी वॉर्डात बहुतेक वेळा एका नातेवाइकाला पेशंटसोबत राहावं लागतं. कोण राहणार, किती दिवसांनी पाळी बदलणार हे आधी ठरवा. आई एकटी पंधरा दिवस बाकड्यावर झोपते आणि बाप, भाऊ "आम्हाला ते बघवत नाही" म्हणून लांब राहतात, असं फार घरांत होतं. तसं होऊ देऊ नका. सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, जुनी कागदपत्रं, साधे कपडे, चपला. रोकड, मोबाईल, परफ्यूम, खोकल्याचं औषध नेऊ नका. कपड्यांच्या शिवणीत आणि साबणाच्या डबीत काय दडलंय ते आत जाण्याआधी घरच्यांनीच तपासावं आणि त्याच्यासमोर तपासावं, लपून नको. भेटायला येणारे मित्र कोण हे सिस्टरना आधी सांगून ठेवा.

नोकरीसाठी सर्टिफिकेट लागणार असेल तर त्यावर काय लिहायचं याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या. पहिल्या तीन-चार दिवसांत पेशंट रडेल, शिव्या देईल, "एकदाच घरी ने, परत येतो" म्हणून पाया पडेल. अर्धवट डिस्चार्ज घेऊन जाणाऱ्यांपैकी पुष्कळ जण याच दिवसांत जातात. डॉक्टरांना विचारा की औषध पुरेसं आहे का, टर्की आवरली जात नसेल तर मात्रा बदलता येते. त्याला सहन करायला सांगण्याआधी हे विचारा.

डिस्चार्जची तयारी भरतीच्या दिवसापासून करावी. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात तो कुठे झोपेल, दिवसभर काय करेल, औषध कुणाच्या हातात असेल, फॉलोअपची तारीख कोणती, पैसे कोण सांभाळेल, इथून केंद्रात जायचं की ओपीडी पुरे, हे सगळं डॉक्टर आणि समाजसेवा अधीक्षकांसोबत बसून ठरवा. नेमकं याच काळात माणसं मरतात, आणि ते टाळता येण्यासारखं असतं. दोन-तीन आठवडे गर्द बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर त्याने 'एकदाच' म्हणून जुनी मात्रा घेतली तर तीच मात्रा श्वास थांबवायला पुरेशी होते. हे त्याला भरतीत असतानाच, न घाबरवता, स्पष्ट सांगायला हवं. घरच्यांनी लक्षणं ओळखायला शिका: हलवून जाग येत नाही, श्वास फार मंद, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. नालोक्झोन हे त्यावरचं औषध आहे. ते आपल्याला कुठून मिळू शकेल हे डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना विचारून घ्या. अफूवर्गीय नशा सात-दहा दिवस पूर्ण बंद असेल तर काहींना नाल्ट्रेक्झोनच्या गोळ्या देतात. त्या रोज घ्याव्या लागतात आणि घरच्या कुणीतरी समोर द्याव्या लागतात.

तो पुन्हा घसरला तर त्याच ओपीडीत, त्याच डॉक्टरकडे परत न्या. नवी जागा शोधली की इतिहास पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागतो आणि मागच्या वेळी कोणतं औषध लागू पडलं हे हरवतं. दुसरी, तिसरी भरती लागणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आधीचं वाया गेलं असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक खेपेला नशेशिवायचा काळ किती टिकला आणि कशाने मोडला हे लिहून ठेवा, डॉक्टरांना पुढचं ठरवायला त्याचा खरा उपयोग होतो. मीटिंगला जायला तो तयार असेल तर नार्कोटिक्स अॅनॉनिमसचे गट मुंबई-पुण्यात आहेत. त्यांना फी नसते.

आणि बायको, आई, बहीण यांनी स्वतःसाठी वेगळं समुपदेशन घ्यावं. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' गट चालतो. नातेवाइकांचे असे गट इतरत्रही आहेत, ओपीडीत चौकशी करा. पेशंट यायला तयार नसला तरी त्या एकट्या जाऊ शकतात. १४४४६ वरही नातेवाइकांशी बोलतात. घरात मारहाण होत असेल तर त्याच्या उपचाराची वाट न बघता आधी स्वतःची आणि मुलांची सोय करा. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१ आहे.